भीमगीताचा सातबारा कोणाच्या नावावर?

"भीमगीत हे मिशन आहे, तो धंदा नाही." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कोण कोणाला ऐकवतो आहे एवढेच पाहतो. मंडपवाल्याला ते कोणी ऐकवत नाही. डीजेवाल्याला तर नाहीच, त्याला आधी विसार मोजावा लागतो. गाणे ज्याच्या चॅनलवर चढते त्यालाही कोणी मिशनची आठवण करून देत नाही. हे वाक्य राखून ठेवलेले असते गाणे लिहिणाऱ्यासाठी आणि गाणाऱ्यासाठी, आणि तेही नेमके तो पैशाचे विचारतो त्या वेळेसाठी. एका गाण्यावर दहा घरांच्या चुली पेटत असतील आणि ज्याने ते रचले त्यालाच त्याग शिकवला जात असेल, तर त्याला मिशन म्हणत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्याला वेठ म्हटले, तीच ही वेठ.

आम्ही चकलांब्याकडचे, गेवराई तालुका, बीड जिल्हा. आमच्याकडे दसरा-दिवाळी उरकली की गावोगावचे कोयते कारखान्याला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम आधीच उचल देऊन बसलेला असतो. ती उचल म्हणजे मजुरी नव्हे, पुढे करायच्या कामावर आधीच घेतलेले कर्ज. हंगामभर ऊस तोडायचा, टनावर मजुरी लागते, ती उचलीत वळती होते, आणि पट्टा पडल्यावर मुकादम वही काढून सांगतो की अजून एवढी बाकी अंगावर आहे, पुढच्या वर्षी माझ्याच टोळीत या. वही त्याची, काटा कारखान्याचा, अंगठा आपला. हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मग रेकॉर्डिंगचा करार समजायला आम्हाला अवघड का जावे?

अलीकडे आमच्याच भागातल्या एका तरुण गायकाने सही करण्याआधी एका कंपनीचा करारनामा आम्हाला वाचायला दिला. (सही करण्याआधी दिला, हेच मोठे नवल. बहुतेक जण सहीनंतर आणतात.) सगळा मजकूर इंग्रजीत, बाँडपेपर जोडलेला, प्रत्येक पानाखाली सहीची जागा. एकरकमी 'मानधन' होते, ते एका कोयत्याच्या उचलीच्या पाव हिश्शालाही पोचत नव्हते. त्या रकमेच्या बदल्यात शब्द, चाल, आवाज, चेहरा, आजचे आणि उद्या निघणारे प्रत्येक माध्यम, कायमचे आणि संपूर्ण विश्वात कंपनीचे. विश्वात! चंद्रावर जयंती सुरू झाली तर तिथली कमाईही कंपनीलाच. जुन्या सनदांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहून वतने दिली जात, इथे तोच शब्द उलटा फिरवून वतन काढून घेतले जात होते. पुढे रॉयल्टीचे एक कलम होतेच, पण त्यात आधी मानधन, मग स्टुडिओचे भाडे, मग व्हिडिओचे शूटिंग, मग 'प्रमोशन' असे सगळे गायकाच्या वाट्यातून वळते करायचे होते, आणि त्या खर्चाचा हिशोब मागण्याचा हक्क त्याला कुठेच दिलेला नव्हता. हीच ती उचल आणि हीच ती मुकादमाची वही. फरक एवढाच की मुकादम निदान आपल्या भाषेत बोलतो.

एका गाण्याचे कायद्यात दोन सातबारे असतात. आपली निम्मी फसवणूक हे ठाऊक नसल्याने होते. पहिला सातबारा रचनेचा: शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो पैसे घालून रेकॉर्डिंग करणाऱ्या निर्मात्याच्या नावावर लागतो. गायकाला या दोन्हींपेक्षा वेगळा, कलावंताचा हक्क आहे. तो १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, २०१२ मध्ये पक्का झाला आणि ५० वर्षे टिकतो. कवीचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तसा त्यांच्या गीतांवर २०६४ च्या अखेरपर्यंत. बाबासाहेबांच्या हयातीत निघालेले ग्रंथ २०१७ च्या १ जानेवारीपासून सर्वांचे झाले. म्हणजे चळवळीतले जुने गाणे 'कोणाचेच नाही, आपल्या समाजाचे आहे' असे म्हणून उचलणारा बहुतेक वेळा कोणाच्या तरी वारसांच्या वावरात नांगर घालत असतो.

कंपनीने खर्च केला, दुसरा सातबारा तिचा, याला आमची हरकत नाही. पण करारात ती पहिलाही आपल्या नावावर ओढून घेते, आणि आपण 'रेकॉर्डिंग झालं, फोटो आला' एवढ्यावर खूश. वावर विकणे वेगळे, ठोक्याने देणे वेगळे, बटईने करणे वेगळे, हे आमच्याकडे पोराटोरालाही कळते. गाण्यातही तेच आहे. कायद्याच्या भाषेत अभिहस्तांकन म्हणजे मालकी दुसऱ्याला देणे. परवाना म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून ठरलेल्या कामापुरते, ठरलेल्या मुदतीपुरते वापरायला देणे. ज्या समाजाने गायरानाच्या तुकड्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या मागे तुरुंग भरले, त्या समाजाच्या पोराने स्वतः पेरलेले गाणे खरेदीखत न वाचता लिहून द्यावे, याचा आम्हाला राग येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. मे महिन्यात दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, २१ जूनपासून लागू. कलम १८ मध्ये घातलेली तरतूद सांगते की चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातले शब्द किंवा चाल ज्याची आहे, त्याला रॉयल्टीत बरोबरीच्या वाट्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला सोडूनही देता येत नाही. आपले कायदेशीर वारस किंवा रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी यांच्याशिवाय तो कोणाच्या नावे करता येत नाही. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल. भीमगीत चित्रपटाबाहेरचेच असते. ही तरतूद जणू आपल्यासाठीच लिहिली आहे! मजुराने 'मला किमान वेतन नको' असे लिहून दिले तरी मालक सुटत नाही, तशीच ही गोष्ट. कवीने पानोपानी सही केली असली तरी त्याचा रॉयल्टीचा वाटा त्या सहीने जात नाही.

'स्वतःच्या मर्जीने सही केली ना?' असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांचे १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' उघडावे. राज्याने हात काढून घेतला की जे स्वातंत्र्य उरते, ते जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला तास वाढवून मजुरी घटवण्याचे स्वातंत्र्य असते, असे त्यांनी तिथे मांडले आहे. उपाशी माणसाची मर्जी ही मर्जी नसते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडताना तरी बाबासाहेबांचे दुखणे काय होते? कामाची हद्द नाही, तासांची मोजदाद नाही, मोबदला ठरलेला नाही आणि एकाच्या नावाने सगळे घर राबायला बांधलेले. 'यापुढे गाईन ते सर्व कंपनीचे' असे कलम वाचा आणि सांगा, यात नवीन काय आहे.

हा कायदा आपण लढून मिळवलेला नाही, हेही कबूल केले पाहिजे. तो चित्रपटसृष्टीतल्या गीतकार-संगीतकारांच्या रेट्याने आला, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते. त्याआधी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, वेगळा करार नसेल तर निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा मालक निर्माताच, असा निकाल दिला होता. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळे टिपण जोडून खंत मांडली की कायदा संगीत रचणाऱ्याला ओळखतो, गाणाऱ्याला ओळखत नाही. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचे काही वर्षे एकत्र गाणे बंद होते, हे सर्वांना माहीत आहे. एवढ्या मोठ्या आवाजांना इतकी वर्षे झगडावे लागले. आपल्या शाहिरांच्या वतीने तर कोणी बोललेच नाही.

आणि एक गोष्ट आमच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९९४ पर्यंत या कायद्यात 'संगीतकृती'ची व्याख्याच अशी होती की चाल लिहिलेली, छापलेली किंवा चिन्हांत उतरवलेली असली पाहिजे. आता आठवा, हलगीवाला कधी नोटेशन लिहीत होता? वामनदादांना मुळात अक्षरओळखच मोठेपणी, मुंबईत आल्यावर झाली. ज्यांना हजारो वर्षे पाटीला हात लावू दिला नाही, त्यांची चाल 'लिहिलेली नाही' म्हणून कायद्याच्या हिशोबात नव्हती. कॅसेटचा सगळ्यात भरभराटीचा काळ नेमका तोच, १९८० चे दशक आणि नव्वदीची सुरुवात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर कॅसेटचे ढीग लागत होते ते दिवस. तेव्हा ज्याने चाल बांधली त्याचा त्या चालीवर कायद्याने हक्कच धरला जात नव्हता. याला आम्ही योगायोग म्हणत नाही.

शब्दांचे मात्र तसे नव्हते. कॉपीराइटचे अभिहस्तांकन लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय वैध नाही, ही अट १९५७ च्या मूळ कायद्यातच आहे. त्या काळात कॅसेटवाले कवीच्या हातात नोटा ठेवून गाणे घेऊन जात, कागद क्वचितच होई. 'कागद नाही म्हणजे आपला हक्क नाही' असे आपण धरून चाललो. खरे उलटे आहे. कागद नाही म्हणजे मालकी गेलेलीच नाही! कंपनीने कागद दाखवावा. कागद असला तरी आज कलम १९ असे सांगते की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षे धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि कलम १८ सांगते की करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हते, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिले असे मानायचे नाही. कॅसेटच्या कागदात कॉलर ट्यून आणि यूट्यूब कुठून येणार? २०१२ ची दुरुस्ती जुन्या करारांना कितपत लावायची यावर वकील भांडतील. भांडू द्या, पण त्यासाठी कोणीतरी आधी जुना कागद बाहेर काढला पाहिजे.

आपल्या कवींनी स्वतःची नोंदणी फार आधी शोधून काढली होती. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या गीतांत 'वामन' येतो तो नुसता अलंकार म्हणून नाही. छापखाना नाही, प्रकाशक नाही, अशा माणसाने गाण्याच्या अंगावरच सही केली, म्हणजे गाणे कोणाच्याही तोंडी गेले तरी सही सोबत जाईल. आता रिमिक्सवाले काय करतात? वेळ वाचवायला नेमके शेवटचे कडवे उडवतात. आम्ही तर म्हणतो हा सातबाऱ्यावरचे नाव खोडण्याचा प्रकार आहे. कलम ५७ प्रमाणे रचना आपली आहे असे सांगण्याचा हक्क कवीने कॉपीराइट विकला तरी त्याच्याकडेच राहतो. आणि ते कडवे गाळून नाचणारे आपणच असतो, कोणी परके नसते.

आपल्या घरातलेही बोलू. जयंतीच्या वर्गणीतून साउंडला जेवढे जाते, त्याच्या कितवा हिस्सा शाहिराला जातो? डीजेवर रात्रभर ज्याचे शब्द वाजतात त्याचे नाव मंडळाच्या एका तरी कार्यकर्त्याला सांगता येते का? एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. मग दहा सभांचा खर्च करणारे आपण त्या एका जलशाला शाल-नारळावर का भागवतो? मंडळावर कोणी खटला भरावा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या मंडळाला नेत्याच्या कमानीला पैसे पुरतात, त्याने मानधनाचा आकडा आधी कागदावर लिहावा, तो खात्यावर भरावा आणि गाण्याआधी कवीचे नाव माइकवर घ्यावे.

दुसरी घरातली गोष्ट जास्त अडचणीची. आपली कितीतरी गाणी सिनेमाच्या किंवा कव्वालीच्या तयार चालीवर बांधलेली आहेत. जलशाच्या काळात तो प्रचाराचा सोपा मार्ग होता, लोकांच्या ओठावर चाल आधीच असायची. पण त्या चालीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. आज असे गाणे यूट्यूबवर टाकले की तिथले यंत्र चाल ओळखते आणि कमाई चालीच्या मालकाकडे वळते, कधी गाणेच उतरवले जाते. त्यात जातीय कट शोधत बसू नका. शब्द तुमचेच राहतात, चाल नवी बांधा. हलगी, एकतारी, ढोलकी यांच्यावर वाढलेल्या समाजाला चालींचा दुष्काळ नाही.

उलटा प्रकारही होतो, आणि तिथे मात्र भांडले पाहिजे. कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज लोकांच्या मोबाईलवरून महाराष्ट्रभर गेला. असे किती आवाज गावोगावच्या कार्यक्रमांतून कोणीतरी टिपतो, आपल्या चॅनलवर टाकतो आणि वर 'हे माझे' असा दावा ठोकतो. मग खुद्द गायकाने तेच गाणे टाकले तर त्यालाच नोटीस येते. मोबाईल धरणाऱ्याला गाण्याची मालकी मिळत नाही. कलावंताच्या संमतीशिवाय त्याचे गाणे मुद्रित करून वापरणे हाच त्याच्या हक्काचा भंग आहे. यूट्यूबवर दाव्याला हरकत घेता येते, समोरच्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर दावा सुटतो. हरकत घ्यायला लाजू नका, आणि मूळ रेकॉर्डिंगची तारखेसह फाईल जपून ठेवा.

आता सहीपूर्वी काय पाहायचे. करार मराठीत मागा, निदान मराठी प्रत जोडून मागा. मालकी देता की परवाना, हे पहिल्या पानावर स्पष्ट पाहिजे. परवानाच द्या, तीन किंवा पाच वर्षांचा. माध्यमांची नावे घ्यायला लावा. रॉयल्टीतून काय वळते होणार त्याची यादी आणि वरची मर्यादा लिहून घ्या, आणि सहा महिन्यांनी हिशोब मिळेल असे कलम घाला. वही आपल्यालाही दिसली पाहिजे. करार संपल्यावरही दुसरीकडे गायचे नाही असे कलम असेल तर ते भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, घाबरू नका. आणि 'वाद झाल्यास फक्त मुंबईचे न्यायालय' ही ओळ खोडा. कॉपीराइटच्या दाव्यात कलम ६२ मुळे हक्कदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, म्हणजे चकलांब्याच्या गायकाला बीडला. त्या एका ओळीने ही सोय हातची जाऊ शकते. एसटीने मुंबईच्या तारखा करणे किती जणांना जमेल, हे कंपनीला चांगले ठाऊक असते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येतोच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीच्या दाखल्याची प्रत आणि अर्ज घेऊन विधी सेवा समितीकडे जा. नोकरीसाठी दाखला काढतो, तसा गाण्यासाठीही काढा.

गाणी लिहिणाऱ्या आणि चाली बांधणाऱ्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे सभासद व्हावे. १९६९ पासूनची संस्था आहे. पूर्वी तिच्यावर कंपन्यांचाच पगडा असल्याची तक्रार होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर कारभारात लेखक-संगीतकारांना बरोबरीचे स्थान द्यावे लागते. एफएम रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजले तरी त्यातल्या कवी-संगीतकाराला रॉयल्टी द्यावी लागेल, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्याच दाव्यातील अंतरिम आदेशात घेतली. पण ज्याचे गाणे तिथे नोंदलेलेच नाही, त्याच्या नावाने पैसा कसा निघणार? कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचनेबरोबरच जन्मतो. तरी शब्दांच्या एका कृतीला ५०० रुपये शुल्क आहे, आणि पुढे भांडण झाले तर तो कागद कामी येतो.

राहिला जुन्या गाण्यांचा प्रश्न. आमच्या भागात घरोघरी पेटीत, माळवदावर, कपाटाच्या तळाशी कॅसेट पडलेल्या आहेत. टेप राहिला नाही म्हणून लोक त्या भंगारात घालतात. त्या घालू नका. कॅसेटच्या आतल्या कागदी कव्हरवर गीतकाराचे नाव छापलेले असते, आणि छापील प्रतीवर ज्याचे नाव लेखक म्हणून आहे तोच लेखक, असे कलम ५५ प्रमाणे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. ज्या कवीकडे एकही कागद नाही, त्याच्या वारसांच्या हाती हा पहिला पुरावा आहे. चकलांबा आणि आसपासच्या गावांतल्या कार्यकर्त्यांनी १४ एप्रिलच्या वर्गणीला दारोदार जाताना पावती पुस्तकाबरोबर एक वही ठेवावी. कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो, गाण्याचे नाव, कवीचे, गायकाचे, कंपनीचे नाव, छापलेले असेल तर साल, आणि कवी हयात आहे की नाही, नसेल तर घरी कोण आहे, एवढे लिहून आणावे. घरच्यांचे नाव-गाव कुठे टाकू नये, ते त्या वहीतच राहू द्यावे. कव्हर घरमालकाकडेच राहू द्या, आपल्याला फोटो पुरे.